चौकस, वय अकरा

टपालकाकांना ऑफिसात खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ‘आठ पहारेकरी’ नावाच्या चित्रकथांच्या मासिकात त्यांनी एकतीस वर्षं एकच पान सांभाळलं, वाचकांच्या पत्रांचं. आलेलं टपाल फोडायचं, दहा-बारा पत्रं निवडायची आणि ‘पहारेकऱ्यांचा कारकून’ म्हणून प्रत्येकाखाली एक तिरकस उत्तर टाकायचं. दगड्या नावाच्या पहारेकऱ्याचं अंग संकटात दगडाचं होई. त्याला आंघोळ कोण घालतं, असं कुणी विचारलं की काका लिहीत, “पाऊस. त्याची तक्रार नाही, तुमची का?” पोरं अंक मागून उघडून आधी हेच पान वाचायची.

तेव्हा टपाल पोत्यानं यायचं. पोत्याची पिशवी झाली, पिशवीची मूठ झाली. सहा वर्षांपूर्वी एका महिन्यात तीनच लिफाफे आले. एकात विजेचं बिल, दुसऱ्यात चुकून आलेलं भलत्याच कुणाच्या लग्नाचं निमंत्रण, तिसऱ्यात एकच ओळ, “मागचा अंक मिळाला नाही.” पान तर भरायचं होतं आणि छापखान्याचा माणूस दारात उभा. काकांनी एक पत्र स्वतःच लिहून घातलं. एवढंसं, भाजीत मीठ घालावं तेवढं. पुढच्या महिन्यात दोन घातली. वर्षभरात भाजी संपली आणि नुसतं मीठ उरलं.

खोटं एकदा बोलायला सोपं, पोसायला अवघड. दावणीच्या म्हशीसारखी त्याला दोन्ही वेळेला वैरण लागते. काकांनी त्यासाठी एक वही केली. तिच्यात एक निवृत्त फौजदार होता, त्याला खलनायक सुटून गेला की राग यायचा. एक नर्स होती, आणि दोन जुळे भाऊ होते, जे एकमेकांच्या पत्राला पत्रानं शिव्या घालत. प्रत्येकाचं वय, गाव, स्वभाव वहीत टिपलेला. दर वर्षी सगळ्यांचं वय एकानं वाढायचं. फौजदाराचा गुडघा दुखायला लागला तोही अगदी वेळेवर.

चौकस मात्र वहीत नव्हती, कारण ती घरातून यायची. काकांची बायको शिवणकाम करी. मासिकाचं पानही तिनं कधी उलटलं नव्हतं. पण जेवताना काका गोष्ट सांगू लागले की ती एकच प्रश्न असा टाके की काकांचा घास अडे. “दगड होतो म्हणता, मग सदऱ्याची बटणं का तुटत नाहीत? मी तर ढेकर दिलेल्याचीही लावलीत.” असला प्रश्न मोठी बाई विचारते हे कोण खरं मानणार? म्हणून काकांनी खाली सही घातली, “तुमची चौकस, वय ११.”

सोमवारी नव्या संपादकबाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. बाई तिशीतली, येऊन वर्ष झालेलं, बोलणं सरळ.

“चारशे सत्तेचाळीस अंक झाले,” ती म्हणाली. “नव्या वाचकानं आज अंक हातात घेतला तर काय होईल? नावात पहारेकरी आठ, प्रत्यक्षात चौदा. तीन मेले, त्यातले दोन परत आले. पहारेकरीण सावलीचं लग्न खलनायकाच्या भावाशी, पण तो भाऊ म्हणजे खलनायकच, भविष्यातून आलेला. ही नाती लावायला मला अकरा दिवस लागले.”

“माझ्या सासुरवाडीची अजून लागायचीत,” खोडरबर म्हणाला. हा त्यांचा जुना चित्रकार. काढण्यापेक्षा खोडतो जास्त, म्हणून ते नाव.

“तर पुन्हा अंक एक,” बाई म्हणाली. “पुन्हा आठच जण. ते एकमेकांना पहिल्यांदा भेटतात तिथून सुरुवात. जुनं काही माहीत असायची गरज नाही. आणि हे मी एका वाचकासाठी करतेय. चौकससाठी.”

काकांनी समोरचा अंक उगाच उलटा करून ठेवला.

“मालक मागच्या वर्षीच मासिक बंद करणार होते. मी त्यांना पत्रांची पानं दाखवली. ते म्हणाले, एवढी माणसं लिहितात तर चालू द्या. गुरुवारी ते येतायत. कच्चा अंक चौकस त्यांच्यासमोर वाचेल. ती जिथं अडेल तिथं आपण बदलू. काका, पत्ता तुमच्याकडंच असेल ना?”

“आहे ना,” काका म्हणाले. तोंड म्हणालं. बाकीच्या देहानं काही त्याला साथ दिली नाही.

संध्याकाळी ताटावर बसले तर घास वर जाईना. बायको शेजारी बसून कुणाच्या तरी परकराची शिवण उसवत होती.

“अहो, तो घास काय आता स्वतः चालत जाणार आहे तोंडात?”

काकांनी सगळं सांगितलं. सहा वर्षांचं सांगायला दहा मिनिटं लागली.

“म्हणजे माझे प्रश्न छापून आले?”

“आले.”

“आणि मी अकरा वर्षांची?” तिनं एक टाका उसवला. “बरं झालं. गुडघे तरी सुटले.”

“हसतेस काय! पत्रांच्या जिवावर मालकानं मासिक ठेवलंय. ती खोटी निघाली की बाई, खोडरबर, चित्रांतली अक्षरं लिहिणारा, सगळ्यांच्या पोटावर पाय. माझ्या एकट्याचं असतं तर एक वेळ...” त्यांनी ताट बाजूला सारलं. “आजारी आहे म्हणू?”

“किती दिवस?”

“गाव सोडून गेली म्हणू.”

“नवा पत्ता मागतील.”

“मेली म्हणू.”

“तुमच्यात मेलेली परत येतात, तुम्हीच सांगता.”

काकांनी आवाज खाली आणला. “वरच्या मजल्यावर ती दहा वर्षांची पोर आहे. दोन दिवस पढवली तर...”

बायकोनं कात्री खाली ठेवली. “लोकाच्या लेकराला खोटं पढवायचं? आपलं खोटं आपण खावं. वाटीभर शेजारी पाठवू नये.”

मंगळवारी काकांनी काम काही केलं नाही. फोन वाजला की मान आत जाई. दोनदा बाई दारातून गेली, दोन्ही वेळा त्यांनी टेबलाखाली वाकून चपलेचा पट्टा लावला. चपलेला पट्टा नव्हता.

बुधवारी बाई छापखान्यात गेल्याचं बघून ते तिच्या खोलीत शिरले. चौकसनं मागं काय काय विचारलंय ते बघून ठेवावं, एवढंच मनात होतं. टेबलावर सहा वर्षांचे अंक एकत्र बांधून ठेवलेले. त्यांतून पिवळ्या चिठ्ठ्या बाहेर आलेल्या. पहिली चिठ्ठी उघडली. चौकसचं पत्र, आणि सहीतल्या ‘वय ११’भोवती पेन्सिलीचं वर्तुळ. दुसरी उघडली. तेच वर्तुळ. तिसरी पुढच्या वर्षीची. तिथंही अकरा. त्याच्या पुढच्या वर्षी अकरा. चार वर्षं पोरगी अकराचीच!

काका तसेच उभे राहिले. फौजदार म्हातारा झाला, जुळ्यांना मिसरूड फुटलं, नर्सची बदली झाली, आणि ही एक वहीबाहेर राहिली म्हणून तिथंच थांबली. पहारेकऱ्यांचं वयही अडतीस वर्षांत वाढलं नव्हतं. त्यांच्यात बसून बसून माणसाचं वाढतं हेच डोक्यातून गेलेलं. आणि बाईनं ते पकडलं होतं, एकदा नाही, एकोणीस वेळा.

मग तिनं मुलीला आणा का म्हटलं? तेही मालकासमोर? मांजर उंदराला लगेच खात नाही, आधी पंज्यानं इकडून तिकडं करतं, ते काकांनी लहानपणी कणगीपाशी बघितलं होतं.

“काही हवं होतं का, काका?”

बाई दारात. छापखान्यातून लवकर आलेली.

“डिंक,” काका म्हणाले.

“डिंक तुमच्याच टेबलावर असतो.”

“हो. तोच.”

बाईनं उघड्या पानाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. तिच्या हातातली किल्ली कुलपाला लागत असल्यासारखी वाजत होती, पण जवळपास कुलूप नव्हतं.

“उद्या येतेय ना ती?”

“येतेय.”

“यायलाच हवी, काका.”

ही धमकी होती की विनवणी, ते काकांना घरी पोचेपर्यंत कळलं नाही. घरी पोचल्यावरही कळलं नाही.

गुरुवारी सकाळी बायको नेसून तयार. “मी येते. प्रश्न माझे आहेत,” ती म्हणाली. वाटेत काका तीनदा थांबले. एकदा पाणी प्यायला, एकदा लघवीला, एकदा उगाच. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “अहो, फाशीला जाणारासुद्धा इतका वेळ लावत नाही. त्याला मागून ढकलतात तरी.”

खोलीत मालक आधीच बसलेले. सुकलेला, नीटनेटका माणूस. मासिक वडिलांकडून आलेलं, अंक वाचलेला एकही नाही. शेजारी बाई, भिंतीला टेकून खोडरबर. टेबलावर कच्चा अंक आणि त्याच्यापुढं एक खुर्ची रिकामी. बायको सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली.

“मुलगी कुठं आहे?” मालकांनी विचारलं.

काकांनी बाईकडं बघितलं. बाईचा चेहरा पांढराफटक, ओठ मिटलेले, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. तेव्हा त्यांना कळलं. हिला काकांचा गळा कापायचा नव्हता. हिचीही पाचावर धारण बसली होती. पत्रं दाखवून हिनंच मासिक वाचवलं, मुलीला समोर आणायचं मालकांना कबूल केलं, आणि वर्तुळं नंतर पडली. खरं खोटं काहीही करून काकांनी आज कुणाला तरी आणावं, एवढाच तिचा धावा होता. ताप आलाय म्हटलं असतं तरी बाईनं मान डोलावली असती. झाकली मूठ आणखी एक महिना झाकली राहिली असती.

ताप हा शब्द काकांच्या जिभेवर आलाही. पण त्यानंतर पुढचा गुरुवार दिसला, त्यापुढचा दिसला, आणि या भीतीला आणखी एक दिवस वैरण घालायची ताकद अंगात उरली नाही.

“ही,” ते बायकोकडं बोट करून म्हणाले. “प्रश्न हिचे. बाकी पोरगी मी केली.”



“आणि इतर?” मालक म्हणाले.

“तीही मीच. सहा वर्षांत खरी एकेचाळीस आली.”

मालक बाईकडं वळले. “तुम्हाला ठाऊक होतं?”

बाईला नाही म्हणता आलं असतं. काकांनी खाली बघितलं. तिला ते म्हणू द्यावं, एवढंच त्यांच्या हाती होतं.

“मुलीचं दोन आठवड्यांपूर्वी कळलं,” बाई म्हणाली. “सांगायला भ्याले.”

कुणी काही बोलायच्या आत कागद उलटल्याचा आवाज आला. बायकोनं अंक वाचायला घेतला होता.

“हे आठ जण इथं पहिल्यांदाच भेटतात ना?” तिनं खोडरबरला विचारलं.

“हो, वहिनी.”

“सगळ्यांची तोंडं झाकलेली. आग लागलीय, धूर आहे, आणि कुणी कुणाला ओळखत नाही. मग यातला चोर कुठला नि आपला कुठला, हे त्यांना कसं कळतं? मला तर कळेना. मी इथंच ठेवलं असतं.”

खोडरबरनं मान पुढं काढून आपलंच चित्र बघितलं. “आयला,” तो म्हणाला आणि खिशातून रबर काढलं.

मालकांनीही पान स्वतःकडं ओढलं. बराच वेळ बघत राहिले. पण चेहरा काही निवळला नाही.

“अंक निघेल,” शेवटी ते म्हणाले, “कारण कागद आणून पडलाय. पण पहिल्याच अंकात, पत्रांच्याच पानावर, तुम्ही केलंत ते छापायचं. स्वतः लिहायचं, खऱ्या नावानं. त्यानंतर लोकांनी लिहिलं तर पान राहील आणि तुम्हीही. नाही लिहिलं तर दोन्ही नाही. तीन अंक बघेन. मासिकाचंही तेव्हाच ठरवेन.”

सहा वर्षं फौजदाराच्या, नर्सच्या, जुळ्यांच्या तोंडानं बोलणाऱ्या काकांना स्वतःच्या तोंडानं लिहायला चार दिवस लागले. हात कागदावर ठेवला की वाटे, अंक मागून उघडणारी ती पोरं आता मोठी झालीत, त्यांची पोरं हे वाचणार, आणि बापाला विचारणार, हा लबाड कोण? लिहून झालं ते सहा ओळी. खाली अख्खं पान मोकळं.

बायकोनं वाचलं. “एकेचाळीस जणांनी खरंच लिहिलं म्हणता. त्यांची नावं का नाहीत?”

काकांनी सगळी एकेचाळीस पत्रं काढली. त्यांतली सतरा अंक न मिळाल्याची, दोन एकाच माणसाची आणि दोन्हींत शिव्या. एकानं फक्त पत्ता बदलल्याचं कळवलं होतं. काकांनी सगळी नावं गावासकट उतरवली, शिव्या देणाऱ्याचं दोनदा. पान भरलं.

यंत्र सुरू झालं त्या दिवशी काका छापखान्याच्या पायरीवर बसून राहिले. आत जायचा धीर होईना. प्रत्येक धडधडीला वाटे, अजून उठून थांबवा म्हणता येईल. बायकोच आत गेली आणि ओल्या शाईचा एक कागद दोन बोटांत धरून बाहेर आली. शिवणीकडं बघावं तसं तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

“तुमचं नाव जरा वाकडं बसलंय.”

“बदलता येईल?” काका झटकन उठले. “आत विचार ना, बदलता येईल?”

“विचारलं,” ती म्हणाली. “आठ हजार झालेत.”