गुळाची तुला

आमच्या घराण्यात पदवी घेणारी पहिली मीच. हे मी अजूनही छाती पुढे काढून सांगते. बाप खाणीवर ट्रक चालवायचा, आईने शाळा अर्ध्यात सोडलेली. मी पास झाले तर माझ्या वजनाइतका गूळ देवाला घालीन, असा आईचा नवस होता.

डिचोलीहून रोज बसने पणजीला कॉलेजात जायची मी. फोटो काढताना मैत्रिणी म्हणायच्या, "तू मागे राहा गो, नाहीतर आम्ही दिसणारच नाही." मीही हसायची. मागे उभी राहायची. आणि आता देवळात अख्ख्या गावासमोर तराजूत बसायचं! बायका ढेपा मोजणार, वर्षभर बोलणार.

शेवटचं वर्ष लागलं आणि मी रात्रीचं जेवण सोडलं. "मैत्रिणीकडे खाल्लं," म्हणायची. सकाळची पेज आईची पाठ वळली की गोठ्यात ओतायची. म्हैस खूश. आई इकडे माशांचं हुमण रांधून वाट बघायची. "एक डाव तरी घे गो. तुलेक बसायचं आसा."

तुलेच्या दिवशी मी पारड्यात मांडी घालून बसले. भटजी समोर ढेपा चढवू लागले. आईने आपल्या अंदाजाने गूळ आणला होता. पण माझं पारडं लवकरच वर उचललं गेलं. खाली बऱ्याच ढेपा उरल्या.

"अगो बाय, पोर सुकली मगे!" शेजारची काकी म्हणाली.

खरं सांगते, ऐकून मला आनंद झाला. आतून गुदगुल्या झाल्या. मग आईकडे बघितलं. ती हात जोडून देवाला सांगत होती, "अभ्यासान सुकली रे देवा. माझं लक्ष कमी पडलं. राग धरू नको." उरलेल्या ढेपा तिने स्वतः उचलून पारड्यात ठेवल्या. भटजी म्हणाले, "अहो, तुला झाली." ती म्हणाली, "झाली नाही. पोर भरलेली होती तेव्हा बोललेलं मी."

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पारड्यात, सगळ्यांच्या डोक्यावर लोंबकळत बसलेली मी.

आई आजही पाहुण्यांना अभिमानाने सांगते, "आमची थोरली अभ्यासान अर्धी झाली." नोकरी लागली, चार माणसांत मी ताठ बोलते, पण हे वाक्य आलं की स्वयंपाकघरात निघून जाते.

आता धाकटी बहीण कॉलेजात जाते. तिला भूक असो नसो, आई समोर बसून भात वाढते. "हिचं मी थोरलीसारखं होऊ द्यायची नाही." परवा धाकटी रडकुंडीला आली. "कॉलेजात मला ढोल म्हणतात गो ताई. तू तरी आईला सांग, अभ्यासाने कोणी सुकत नाही."

आई डाव धरून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "खा गो. आई सांगते ते खा."