बेकरीपाशी न थांबलेली गाडी

शेवग्याचा पाला अर्धा निवडून झाला होता. विसेंता डाकालोस स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती. मांडीवर सूप, एका अंगाला काड्या, दुसऱ्या अंगाला पानं. आत चुलीवर मक्याच्या कण्या रटरटत होत्या. तेवढ्यात फाटकापाशी मोटार थांबली आणि मोंतेबोनांची लोरेलाय उंच टाचांचे बूट हातात धरून, चिखल चुकवत अंगणात आली.

लोरेलायच्या वडिलांचा मांदावे शहरात वेताच्या खुर्च्यांचा कारखाना. ते गेल्यावर तो तिच्याकडे आला. विसेंताने त्याच कारखान्यात उभं आयुष्य काढलं. माणसं कामावर घ्यायची, त्यांच्या रजा, भांडणं, समेट सगळं बघायचं, हे तिचं काम. आता निवृत्त होऊन ती घरी बसली होती, पण आसपासच्या मालकांना माणसांचं कोडं सुटलं नाही की ते तिच्या पायरीशी येत. कामगाराला टेबलापाशी बोलावून तिने कधी झापलं नाही. आपण उठून त्याच्या जागी जायची, शेजारी टेकायची. आधी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी, मग पोरांची, आणि उठता उठता मूळ गोष्ट. "चारचौघांत ज्याची मान खाली गेली तो दुसऱ्या दिवशी येत नाही," ती मालकांना सांगे. "आपली माणसं राजीनामा देत नाहीत. नाहीशी होतात. ओरडणाऱ्याची काळजी करू नका, त्याला अजून तुमच्याकडून आशा असते. जो गप्प झालाय, त्याच्याकडे आधी जा."

तिच्या मनाला मात्र या कामाने कायमची सावली चिकटवली होती. संध्याकाळी देवमातेपुढे जपमाळ ओढताना नाहीशी झालेली माणसं एकेक करून तिच्यासमोर येत. ती प्रत्येकासाठी एक मणी ओढी. काही जात, काही बसून राहत.

"मनांग सेंता," लोरेलाय म्हणाली. थोरल्या बाईला तिकडे मनांग आणि थोरल्या पुरुषाला मानोंगच म्हणतात, मग हाक मारणारी मालकीण का असेना. "उद्या कारखान्यात या. आठजणींना कारणे दाखवा नोटीस द्यायचीय. चौकशीला वडीलधारं कोणी असलेलं बरं दिसतं."

"बरं दिसायला मी आता फक्त फोटोत बसते, बाई. कोण आठजणी? गुंफणीच्या खोलीतल्या?"

"त्याच. खोलीत पाऊल टाकत नाहीत. म्हणे ओसरीत बसून करू. ओसरीत वारं लागून वेताची भिजवलेली साल वाळते, गाठी तडकतात. हॉटेलवाल्यांनी खुर्च्या परत पाठवल्या! का जात नाही विचारलं, तर सगळ्या जमिनीकडे बघतात. मनिलाचे सल्लागार म्हणतात, हा सरळ आज्ञाभंग आहे. आज सोडलंत तर उद्या डोक्यावर बसतील. नोटीस, चौकशी, आणि घरी पाठवा."

विसेंता पाला खुडत राहिली. त्या आठही जणी तिने स्वतः नेमलेल्या. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, दोघी विधवा. वेताच्या गाठीशिवाय त्यांच्या बोटांना दुसरं काही येत नव्हतं.

"हे सिद्रो गेल्यापासून ना?"

सिद्रो म्हणजे इसिद्रो, गुंफणीच्या खोलीचा मुकादम. महिन्यापूर्वी झोपेतच गेला.

"हो, पण त्यात मी काय कमी केलं सांगा," लोरेलाय उसळून म्हणाली. "सिंगापूरच्या शिबिरात शिकवलं होतं, कामगाराच्या दुःखात मालकाने स्वतः हजर राहावं. मी गेले. त्या आठजणींना कंपनीच्या गाडीत घालून, स्वतः गाडी चालवत गेले. शवपेटीपाशी प्रार्थना केली, सिद्रोच्या बायकोच्या, लुपिंगच्या हातची कॉफी प्यायले. तिला मिठी मारून रडले, मनांग."

"छान केलंस. आणि तिथून?"

"तिथून कारखान्यात. कंटेनर भरायचा होता."

विसेंताची बोटं पाल्यात थांबली. "सरळ?"

"सरळ. वाटेत बेकरी दिसली तशा ह्या मागे लागल्या. मॅडम, पाव घेऊ या, मॅडम, जरा टेकू या. मी म्हटलं, उशीर होतोय, पाव कारखान्यात मागवते. मागवला की! गरम गरम. एकीनेही हात लावला नाही. याला काय म्हणायचं?"

विसेंताने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला.

"लोरे, मयताच्या घरून निघाल्यावर वाटेत कुठेतरी थांबायचं असतं. मागे लागलेलं झटकून मग पुढे जायचं. हे काय मी तुला सांगायचं?"

"मला माहीत नाही होय? पण ते घरी जाताना! घरी सोबत येऊ नये म्हणून. मी कुठे घरी चालले होते? मी कामावर चालले होते."

"सिद्रोही आयुष्यभर तिथेच चाललेला असायचा," विसेंता म्हणाली.

लोरेलायचा चेहरा उतरला. "मग त्यांनी तोंडाने सांगायचं ना!"

"काय सांगायचं? मॅडम, तुमच्या गाडीत मेलेला माणूस बसलाय? तुझा अपमान झाला असता, आणि त्यांना लाज वाटली असती. त्यांनी पाव मागितला. आपल्याकडे याहून स्पष्ट कोण बोलतं?"

कण्या खाली उतरवून, हात धुऊन विसेंता तिच्याबरोबर निघाली.

कारखान्यात जेवणाची सुट्टी चालू होती. आठजणी ओसरीत डबे उघडून बसल्या होत्या. मालकीण दिसताच बोलणं बंद झालं. त्यांतली थोरली तेओपिस्ता मात्र विसेंताला बघून हसली.

"काय हो मनांग, परत नोकरीला? कारखान्यात आता म्हाताऱ्यांची भरती का?"

"मेलेले येतात म्हणे इथे कामाला. म्हातारीचं काय वावडं?"

दोघीतिघी फिसकन हसल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवले. तेओपिस्ता मालकिणीकडे चोरून बघत हळूच म्हणाली, "रोज वेळेवर येतो. जिवंतपणी निदान कोंबड्यांच्या झुंजीसाठी तरी दांडी मारायचा."

"दिसतो?"

"दिसला असता तर बरं झालं असतं. नुसता ठोकतो. गाठ बसवताना त्याचा लाकडी हातोडा कसा वाजायचा, एकदा, मग थांबून दोनदा. आणि मनांग, आपण गाठ सैल बांधली ना, की तो ठोकायचा थांबतो. बघत उभा राहिल्यासारखा."

विसेंताने गळ्यातला क्रूस मुठीत धरला आणि ती गुंफणीच्या खोलीत गेली.

खोली बंद राहून कोंदटली होती. वर पत्रा तापलेला, तरी जमिनीतून गारवा पायांत चढत होता. सिद्रोचं बुटकं स्टूल खिडकीशी होतं. शेजारी वेताच्या साली भिजत घालायची परात, कोरडी पडलेली. तळाशी पांढरा थर धरला होता. स्टुलावर मात्र एक साल आडवी ठेवलेली होती. विसेंताने बोट लावलं. साल ओली होती. टोकातून पाणी निथळत होतं.

तिच्या मानेवर काटा आला. तिने डोळे मिटून 'नमो मरिये'चा जप सुरू केला आणि मध्येच तिला जाणवलं, की या खोलीत राग नाही. भीती घालणारंही काही नाही. कोणीतरी थकून, पाठीत वाकून बसलंय आणि दाराकडे कान लावून वाट बघतंय.

त्याबरोबर तिला थोरले मोंतेबोन आठवले. रोज संध्याकाळी ते या दारात उभे राहत आणि म्हणत, "सिद्रो, पुरे आजचं. जा घरी." ते म्हटल्याशिवाय सिद्रो हातोडा खाली ठेवत नसे. लोकांना त्याची गंमत वाटायची. थोरले गेले, लोरेलाय आली. तिचं ऑफिस पुढच्या बाजूला, काचेचं. सुट्टीची घंटा झाली की ती आपल्या दाराने जाई. मुकादम कधी उठतो, उठतो की नाही, हे बघायला ती मागे कधी आलीच नव्हती.

विसेंता बाहेर आली आणि सरळ लोरेलायपाशी गेली.

"लोरे, त्याला जा म्हण."

"मी? तुम्हीच सांगा ना. तुम्हाला मानायचे ते."

"मी पगारी बाई. मी सांगून तो जिवंतपणीसुद्धा उठला नाही. आणलंस तू, सोडायचंही तूच. चाळिसावा दिवस तोंडावर आलाय. त्या दिवशी आत्मा निघाला तो इथूनच निघाला, तर आपल्या घरचा उंबरा त्याला शेवटचा दिसणारही नाही."

लोरेलायने ओसरीकडे बघितलं. आठही जणींचे डोळे तिच्यावर होते. "रिकाम्या खोलीला हाक मारू? हसतील मला."

"हसू देत. हसणारी माणसं सकाळी कामाला येतात."

लोरेलाय दारापाशी गेली. घसा साफ केला. "मिस्टर इसिद्रो, आपल्या सेवेबद्दल व्यवस्थापन..."

"अशा हाकेला तर तो पगार घ्यायलाही आला नसता," तेओपिस्ता पुटपुटली.

या वेळी कोणी हसलं नाही. लोरेलायने चौकटीला हात टेकवला. मग लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून याच दारात उभी असायची, तेव्हाच्या आवाजात म्हणाली, "मानोंग सिद्रो, पुरे आजचं. चला, घरी जाऊ. मी सोडते."

आणि टकटक थांबली. थांबली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की इतका वेळ ती चालू होती.

कोणी कोणाला सांगितलं नाही. आठजणी उठल्या, डबे तसेच ठेवून कंपनीच्या गाडीत जाऊन बसल्या. मालकिणीच्या मागची जागा त्यांनी मोकळी सोडली. विसेंता पुढे बसली. वाटेत प्रत्येक वळणावर ती खिडकीतून हलकेच म्हणत होती, "चल रे, मागे राहू नकोस. हा पूल आला. हा चढ." लोरेलायने एकदा वरच्या आरशात बघितलं. त्यानंतर घर येईपर्यंत तिने आरशाकडे नजर वळवली नाही.

सिद्रोचं घर ओढ्याच्या काठी. त्याची बायको लुपिंग दारातच उभी होती. तिने मालकिणीला पाहिलं नाही, विसेंतालाही नाही. गाडीचं सरकतं दार उघडलं आणि तिची नजर त्या मोकळ्या जागेवर गेली, मग अंगणातून हळूहळू सरकत तिच्या स्वतःच्या उंबऱ्यापर्यंत आली.

"आत्ता वेळ मिळाला होय?" ती म्हणाली. "भात गार झाला."

मग ती दारातून बाजूला झाली, कोणाला तरी वाट द्यावी तशी.

आत येशूच्या मूर्तीपुढे मेणबत्ती होती आणि वाढलेलं ताट. "रोज वाढते," लुपिंग विसेंताला सांगू लागली. "लोकांची माणसं तिसऱ्या दिवशी येतात, खुडबुड करतात, स्वप्नात तरी दिसतात. हा एकदाही नाही. शेजारीण म्हणाली, रागावून गेला असेल तुझ्यावर. मी बसून बसून आठवलं, काय बोलले होते मी त्या रात्री. काहीच आठवेना."

लोरेलाय उंबऱ्याबाहेरच थांबली होती. "मनांग लुपिंग, तुमच्यावर नाही रागावले ते. मी कामावर थांबवून घेतलं होतं त्यांना."

लुपिंगने तिच्याकडे वर मान करून बघितलं. "तुझा बापही थांबवायचा, पोरी," ती शांतपणे म्हणाली. "पण सोडायचा."

निघताना तिने विसेंताचा हात धरला. चाळिसाव्याच्या मिस्सेचं, चर्चमधल्या प्रार्थनेचं सांगायला चर्चपर्यंत जायचं होतं, पण एवढे दिवस तिला घर सोडवेना. न जाणो, तो यायचा आणि दाराला कडी असायची. आता तर नाहीच सोडवत. विसेंता म्हणाली, मी जाते.

परतताना बेकरी आली, आणि लोरेलायने आपणहून गाडी कडेला घेतली. सगळ्या उतरल्या. बाकांवर दाटीवाटीने बसून त्यांनी पाव कॉफीत बुडवून खाल्ला. लोरेलायही त्यांच्यातच बसली. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघायला लागली, की तेओपिस्ता तिच्यापुढे आणखी एक पाव सरकवी. "खा, मॅडम. घाईने झटकलेलं परत चिकटतं."

"मनांग," लोरेलाय विसेंताच्या कानाशी लागली, "त्या नोटिशी..."

"कसल्या नोटिशी?" तेओपिस्ताने विचारलं.

"काही नाही," लोरेलाय म्हणाली. "ती खोली उद्या मी उघडते. परातीत पाणीही मीच भरते. तुम्ही या."

आठजणींनी एकमेकींकडे बघितलं. "येऊ," तेओपिस्ता म्हणाली. "पण पहिल्या दिवशी तुम्ही आत आमच्याजवळ बसायचं."

"बसेन." मग लोरेलाय परत हळू आवाजात विसेंताकडे वळली. "गेले ना ते? नक्की?"

"सांगितल्यावर जातात. म्हणून सुट्टी झाली की रोज गुंफणीच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहा आणि सांग, पुरे आजचं. प्रत्येकीला, नावाने."

"रोज? ह्या तर जिवंत आहेत, मनांग."

"सिद्रोही होता," विसेंता म्हणाली. "वाट बघायला त्याने तेव्हापासूनच सुरुवात केली होती."

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि बेकरीच्या काचा थरथरल्या. आठही जणींनी खायचं थांबवून कान दिला, मग पुन्हा खाऊ लागल्या.

विसेंताने मांडीवरचे पावाचे कण झटकले. गाडीत परत बसायला ती नको म्हणाली. तिला इथूनच एखादी प्रवासी जीपनी गाडी पकडून चर्चच्या कचेरीत जायचं होतं, चाळिसाव्याच्या मिस्सेसाठी सिद्रोचं नाव द्यायला.