डागमावशींची फ्रेंच मेजवानी

डागमावशी थापाड्या होत्या असं कोणी म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्यांनी आयुष्यात एकच थाप मारली. आता ती अकरा वर्षं चालली, हा भाग वेगळा.

मावशी लॉन्ड्रीत कामाला होत्या. बाकीच्या बायका मशीनवर नाहीतर इस्त्रीवर, आणि मावशी मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलापाशी. पुढ्यात सात बाटल्या, दोन मऊ ब्रश आणि वाफेची एक नळी. शर्टाच्या खिशात फुटलेली शाई असो की उशीच्या अभ्र्यावरचं औषध, डाग पडला की तो मावशींकडे. कोणी नवखीने अंड्याच्या डागावर गरम पाणी ओतलं तर त्या अशा काही ओरडायच्या, की समोरचीच्या हातून भांडं सुटायचं. "अगं बये, कापडात आम्लेट शिजवतेस का?" सव्वीस वर्षं हे काम केल्यावर डागमावशी हे नाव पडलं, आणि मावशींनाही ते मानाचं वाटायचं.

लॉन्ड्रीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे चौकातलं जुनं फ्रेंच रेस्टॉरंट. रोज सकाळी तिथले टेबलक्लॉथ आणि नॅपकिन टेबलाटेबलाचे नंबर घातलेल्या पिशव्यांतून यायचे. मावशींनी त्या रेस्टॉरंटचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, पण आत काय शिजतं ते त्यांना पाठ होतं. हिरवट तेलाचं वर्तुळ आणि लसणाचा वास: टाल्कम पावडर, मग साबण. तपकिरी, चिकट, संत्र्याचा घमघमाट असलेला डाग: कोमट पाणी आणि सबुरी. चव तेवढी माहीत नव्हती. ती मावशींनी आपली आपणच ठरवून टाकली होती.

आता या थापेचं मूळ सांगायचं तर मावशींच्या नणंदेपर्यंत जावं लागतं. नणंद म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना हेडबाई म्हणत, आणि शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी त्यांची शाळा काही सुटली नव्हती. समोरच्याने वाक्य पुरं करायच्या आत त्यातल्या चुका काढायच्या. धाकट्या भावाला, म्हणजे मावशींच्या नवऱ्याला, काकांना, त्या अजून छोट्या म्हणत. छोट्याचं वय चौसष्ट, चष्म्याच्या दुकानात काचा घासून घासून बोटं गुळगुळीत झालेली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी हेडबाई चहाला यायच्या आणि दोघांचा वर्ग घ्यायच्या.

अकरा वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी त्या कुठल्याशा बड्या मेजवानीचं वर्णन करत होत्या. काटे किती, चमचे किती, कुठला कधी उचलायचा. मावशींनी काहीतरी विचारलं, तर हेडबाई पटकन म्हणाल्या, "जाऊ दे, तुला नाही कळायचं ते. तुझा संबंध लोकांच्या खरकट्याशी."

मावशींना ते झोंबलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"वन्सं, मी दर महिन्याला चौकातल्या त्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये जेवते. मालकच बोलावतात. आपली माणसं म्हणून."

काकांच्या घशात चहा अडकला. हेडबाईंनी कप खाली ठेवला. "अस्सं? मग काय खाल्लंस, सांग बघू."

झालं. मावशींनी शनिवारच्या पिशवीतले डाग आठवले आणि सुरू केलं. हिरवं लोणी, ते जाड पावाला लावून खातात. शेवटी संत्र्याचं गोड, तपकिरी पाकातलं, असं की चमचा तोंडातून काढवत नाही. हेडबाई ऐकत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मावशींचं वाक्य मध्ये तोडलं नाही. ती चटक मोठी वाईट. पुढच्या महिन्यात मावशींनी पुन्हा सांगितलं, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, ही म्हण मावशींनी नुसती ऐकली नव्हती, जगली होती.

आणि मग हेडबाईंना सत्तरावं लागलं.

"मला भेटवस्तू-बिटवस्तू काही नको," त्या म्हणाल्या. "वाढदिवसाला मला तुझ्या त्या रेस्टॉरंटमध्ये घेऊन चल. आपली माणसं आहेत ना तुझी?"

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. बिल आम्हीच भरू, मालकांवर कशाला भार, एवढं कसंबसं बोलल्या. हेडबाई गेल्यावर त्या काकांकडे वळल्या. "अहो, आता माझं पितळ उघडं पडणार. जन्मभर तोंड वर काढू देणार नाहीत त्या."

"सांगून टाक खरं," काका म्हणाले.

"मेले तरी नाही."

"मग मजा आहे," काका म्हणाले आणि आपला कोट इस्त्रीला घेऊन गेले. नवऱ्यांचा असा आधार असतो.

वाढदिवसाला तिघं सातच्या ठोक्याला आत शिरली. उंच छत, भिंतभर आरसे, आणि टेबलांवर पांढरी स्वच्छ कापडं अंथरलेली. ते सगळं मावशींनीच पांढरं केलेलं. पण ते असं ताठ पसरलेलं, त्यावर मेणबत्त्या लागलेल्या, हे त्या प्रथमच बघत होत्या. त्यांना भरूनच आलं. पण हेडबाईंचं लक्ष आहे म्हटल्यावर त्यांनी असा चेहरा केला, की जणू स्वतःच्या स्वयंपाकघरात आल्यात.

पांढऱ्या मिशांचा वेटर मेनू घेऊन आला. मेनू सगळा फ्रेंचमध्ये. हेडबाईंनी तो न उघडता मावशींकडे सरकवला. "तूच मागव. तुला काय, तोंडपाठ असेल."

मावशींनीही तो उघडला नाही. "हे बघा," त्या वेटरला म्हणाल्या, "आधी ते हिरवं लसणाचं लोणी. मग कांद्याचं सूप, वर चीज असतं ते. आणि शेवटी ते तपकिरी, चिकट. संत्र्याचं."

वेटरच्या भुवया किंचित वर गेल्या. "ते शेवटी?"

"शेवटीच," मावशी ठामपणे म्हणाल्या.

हिरवं लोणी आलं. खळगे असलेल्या ताटलीत, उकळतं, घमघमतं. हेडबाईंनी चिमुकला काटा घातला आणि लोण्यातून काहीतरी काळं, गुंडाळलेलं वर आलं.

"अगं, ही गोगलगाय आहे!"

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. सव्वीस वर्षं त्यांनी ते लोणी कापडातून काढलं होतं. गोगलगाय कधी कापडावर आली नव्हती. येणार कशी, ती तर लोकांच्या पोटात जात होती!

"मग?" मावशी म्हणाल्या. "लोण्याखाली काय असतं, हे तुम्ही विचारलंत कधी?"

आणि काटा उचलून त्यांनी एक गोगलगाय तोंडात टाकली. डोळे मिटले. चावली. गिळली. काका आपल्या बायकोकडे असे बघत राहिले, जसं लग्नाच्या दिवशीही बघितलं नव्हतं. हेडबाईंचा नाइलाज झाला, त्यांनीही एक खाल्ली. मग, खोटं कशाला बोला, तिघांनी मिळून ताटली पुसून काढली.

सूप मात्र अगदी सांगितल्यासारखं निघालं. मावशींचा जीव भांड्यात पडला. आता गोड तेवढं उरलं होतं, आणि ते गोड खाऊन एकदा घरी गेलं की सुटलो, असा त्यांचा हिशेब होता.

गोड आलं. वेटरने मोठ्या अदबीने झाकण उचललं. आत बदकाची तंगडी होती.

तपकिरी, चकचकीत, संत्र्याच्या रसात निथळणारी बदकाची तंगडी.

"हे," हेडबाई एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "गोड आहे?"

"चव बघा की आधी," मावशी म्हणाल्या, पण आवाजात पहिला जोर राहिला नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर काहीतरी आलं, आणि दोघींच्या माना तिकडे वळल्या. पांढऱ्या भांड्यातून हातभर वर फुगलेलं, सोनेरी, आणि चालत्या वेटरच्या हातात हलकेच थरथरणारं. चमचा आत गेला तशी वाफ निघाली. आत नुसता फेस, पिवळाधमक.

"ते काय आहे?" हेडबाईंनी विचारलं.

"सूफ्ले," वेटर म्हणाला. "अंडी फेटून भट्टीत फुगवलेलं गोड. आमच्या रेस्टॉरंटचा मान आहे तो. चाळीस वर्षं रोज होतो. तो खाल्ल्याशिवाय इथून कोणी जात नाही. ताजा करायला अर्धा तास लागतो, म्हणून नव्या माणसांना आम्ही आधीच सांगतो. माझं चुकलंच, तुम्ही पहिल्यांदा आलात ना?"

हेडबाई सावकाश मावशींकडे वळल्या. शाळेत याच नजरेपुढे भल्याभल्यांनी खिडकीची काच कोणी फोडली ते सांगून टाकलं होतं.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला. आणि हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस?"

मावशींकडे उत्तर तयार होतं. मला नाही आवडत तो, वन्सं. जिभेवर आलंही होतं. पण त्यांची नजर त्या शेजारच्या टेबलाच्या कापडावर गेली. त्या लोकांनी अर्ध्याहून अधिक भांडं संपवलं होतं, आणि खाली एक ठिपका नव्हता. चाळीस वर्षं या रेस्टॉरंटमध्ये रोज इतकं देखणं काहीतरी होत होतं, आणि त्यातला कणसुद्धा मावशींपर्यंत कधी पोचला नव्हता. सगळं जग आपल्याला कळतं अशा तोऱ्यात राहिलो, आणि जे खरं बघण्यासारखं होतं ते आपल्याला चुकवूनच गेलं. त्यांना इतकं वाईट वाटलं, की थाप मारायचं भानच उरलं नाही.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "त्याचा डाग पडत नाही हो."

"काय?"

"डाग पडत नाही त्याचा. म्हणून मला माहीत नाही." आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. पिशव्या, वर्तुळं, वास. कधीच जेवले नाही. मालकाने बोलावलं नाही, मालक मला ओळखतही नाही. तुम्ही त्या दिवशी खरकट्याचं बोललात, ते लागलं मला. फार लागलं. म्हणून बोलून बसले, आणि मग तुम्ही ऐकत गेलात.

हेडबाईंनी काटा-सुरी ताटलीत नीट जुळवून ठेवली. वेटर हळूच मागे सरकला, काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आता वर्गाबाहेर काढणार, असं मावशींनी मनाशी धरलं.

"मी गुरुवारी पत्ते खेळायला जाते ना," हेडबाई शेवटी म्हणाल्या, "त्या बायकांना मी दर महिन्याला सांगते. संत्र्याचं गोड."

"काय सांगता?"

"मी पण येते तुझ्याबरोबर, असं सांगते." हेडबाईंचे कान लाल झाले होते. "गेल्या गुरुवारी त्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संत्र्याचं तर तिथे बदक असतं. मी त्यांना सगळ्यांसमोर गप्प केलं. म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं ते."

काकांना हसू फुटलं. हसता हसता त्यांचा चष्मा बदकाच्या रसात पडला. "म्हणजे ताई, तू पण..."

"तू गप्प बस, छोट्या!" हेडबाई ओरडल्या, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. सत्तर वर्षांची मुख्याध्यापिका नॅपकिन तोंडावर धरून गदागदा हसत होती. मावशी आधी घाबरल्या, मग त्याही हसल्या. हसू ओसरलं तेव्हा हेडबाईंनी डोळे टिपले आणि वेटरला खूण केली. "तो तुमचा फुगलेला आणा. थांबतो आम्ही."

मग त्या मावशींकडे सरकून बसल्या.

"तुला लागलं, ते मला तेव्हाच कळलं होतं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण माफी मागायची सवय नव्हती. चुकलं माझं." आणि लगेच, जणू ते वाक्य फार वेळ टेबलावर राहू नये म्हणून, "बरं, आता खरं सांग. जेवण राहू दे. सव्वीस वर्षं त्या कापडांवर आणखी काय काय दिसलं तुला?"

हे मावशींना कोणी कधी विचारलं नव्हतं. लॉन्ड्रीच्या मालकाने नाही, नवऱ्याने नाही.

"दोन नंबरच्या टेबलावर एक डावखुरा यायचा," त्या चाचरत म्हणाल्या. "दर बुधवारी. एकटाच."

"डावखुरा कशावरून?"

"सुपाचे थेंब डावीकडे. आणि एकटा, कारण समोरचा नॅपकिन घडीचा घडी."

"बरं. पुढे?"

"चार वर्षं असंच. मग एका बुधवारी समोरच्या नॅपकिनवर लिपस्टिक! वन्सं, मी सगळ्या बायकांना हाक मारून दाखवली. त्या दिवशी तो डाग काढायला माझा हात धजेना. पुढच्या बुधवारी पुन्हा लिपस्टिक. आणि मग तीन आठवडे काहीच नाही. घडीचा घडी."

"अरे देवा. भांडली?"

"मलाही तसंच वाटलं. मी इकडे डाग काढतेय आणि जीव सगळा दोन नंबरच्या पिशवीत. चौथ्या बुधवारी पिशवी उघडते, तर..."

वेटर आला. दोन्ही हातांत भांडं, वर सोनेरी डोलारा, अगदी आत्ता ओव्हनमधून काढलेला. त्याने ते टेबलाच्या मधोमध ठेवलं. कोणी बघितलं नाही. तो खाकरला. "बाई, लगेच सुरू करा. दोन मिनिटांत खाली बसतो तो."

हेडबाईंनी मान न वळवता हात वर केला.

"बसू दे," त्या म्हणाल्या. "माझी भावजय बोलतेय."