घाटाची उजवी बाजू

आमच्याकडे घाट म्हटलं की डोंगरातला वळणाचा रस्ता कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. यात्रेच्या गावात चढावर बांधलेली सरळसोट धावपट्टी म्हणजे घाट. खाली चार बैल गाड्याला जुंपायचे, गाड्यात कुणी बसायचं नाही, पुढे घोडी पळवायची आणि तिच्यामागे बैलांनी जीव तोडून चढ चढायचा. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला बारी म्हणतात. ज्याला कमी सेकंद लागतील तो पुढे. जुन्नर-आंबेगावात लहान पोरालासुद्धा हे माहीत असतं.

आमच्या गाड्यापुढे घोडी पळवते माझी मुलगी. एरवी मंचरला कॉलेजात जाते आणि यात्रा लागल्या की घोडीवर. ही घोडी तिनं शिंगरू असल्यापासून वाढवली. तिच्या हातचा घास घेतल्याशिवाय ती घोडी दुसऱ्या कुणाकडे बघतही नाही. माझ्याकडे तर नाहीच नाही.

गेल्या चैत्रातली गोष्ट. जुन्नरच्या अंगाला एका गावची यात्रा होती. मुलगी घोडीबरोबर पुढच्या टेम्पोत होती, मी आणि यजमान मागच्या पिकअपमध्ये. समोरच्या काचेकडे बघत ते म्हणाले, "पैज मारलीया."

"कुणाशी?"

"मंचरच्या त्या कांदेवाल्या शेठशी. आपला गाडा त्याच्या पुढं गेला तर त्याचा पुढचा बैल आपला. न्हाई गेला तर आपली घोडी त्याची."

"आन् पोरीला इचारलं?"

"तिला सांगू नगो. हात कापतील तिचे. आगं, आठवडा झाला मी ह्या घाटाचा अभ्यास करतोय. उजवी बाजू मुरमाची, कडक. डाव्या बाजूला यंदाच भराव टाकलाय, बैलाचा पाय रुततो. घोडी आपली उजवीकडंच ओढती. सकाळच्या बाऱ्यांनी वरचे खडे उडून जात्यात, टँकरनं पाणी मारलं की दुपारी घाट सिमेंटवानी व्हतो. त्याची बारी सकाळची, आपली दुपारची. आता तूच सांग, कोन हरनार?"

अभ्यास म्हणे! मुलांच्या शाळेची एक वही कधी उघडून पाहिली नाही या माणसाने.

घाटावर पोचल्यावर मी वरच्या टोकाला बायकांच्या घोळक्यात उभी राहिले. उभी राहिले म्हणायचं, पण पाय एका जागी ठरत नव्हता. कुणी भेळ पुढे केली, कुणी लेक कुठे आहे म्हणून विचारलं, मी काय उत्तर दिलं देव जाणे. शेठचा गाडा सकाळीच पळाला आणि सुरेख पळाला, उजव्या बाजूने, एका रेषेत. निवेदक भोंग्यावर घसा फोडून ओरडला, भंडारा उधळला गेला. उतारावर बसलेल्यांच्या आपापसातल्या पैजा रंगल्या होत्या. "आज घाट उजव्या अंगाला हाय राव, डावीकडं जाईल त्यो मेला," असं जो तो सांगत होता. आणि मग जो येईल तो आपली घोडी उजवीकडूनच काढायला लागला.

दुपार व्हायला लागली तसं मला काहीतरी खटकायला लागलं. गाडे उजवीकडूनच येत होते, पण वर माझ्यासमोर आले की बैलांचा जोर तुटायचा. सकाळी जिथे खट्खट् आवाज होता तिथे आता नुसता फुफाटा उठत होता. एवढ्या चाकांनी आणि खुरांनी तो कडक मुरूम पार पिठासारखा झाला होता. टँकर पुन्हा आला, पण पाणी वरच्या वर राहिलं आणि खाली नुसता चिखलाचा पापुद्रा. मध्येच एका गाड्याचे बैल बिचकून डावीकडे गेले. अगदी साधा गाडा, कुणी हिशेबात न धरलेला. तो मात्र सपासप वर आला. लोक हसले, "नशीब हाय गड्याचं!" म्हणाले. मला हसू आलं नाही. भरावावर दिवसभर पाणी पडत होतं आणि पाय कुणाचाच पडत नव्हता. तो दबून, सुकून घट्ट झाला होता.

मी गर्दीमागून खाली निघाले. भोंग्यावर आमच्या गाड्याचा पुकारा झाला तेव्हा मी निम्म्यातच होते. पदर खोचला आणि अक्षरशः पळत सुटले.

यजमान मला बघून तडकले. "बाईमानसानं हितं खाली यायचं नसतं!" घोडीवर त्यांची स्वतःची मुलगी बसलेली, ती चालते, तिची आई मात्र चालत नाही. मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. लगाम धरला आणि मुलीला म्हटलं, "डावीकडनं काढ. उजवीकडं वर समदा भुगा झालाय."

"पण पप्पा म्हणतात उजवीकडून."

यजमान मध्ये पडले. "तिला काय कळतंय? तू माझं ऐक."

आणि माझा ताबा सुटला. "तुझ्या बापानं ही घोडी पैजंला लावलीया. आता तू ठरीव कुणाचं ऐकायचं त्ये."

तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग तिने घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि निशाणाकडे बघत बसली.

बारी सुटली. मला खालून फक्त धूळ दिसली, आणि घोडी डाव्या कडेने जाताना दिसली. उतारावरचे लोक "आरं आरं, चुकली, चुकली!" म्हणून उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले. मग भोंगा गरजला. शेठच्या गाड्याहून आमचा गाडा पुढे होता, एका सेकंदापेक्षाही कमी फरकाने.

आम्ही धापा टाकत वर पोचलो तर शेठ स्वतःच पुढे आला. माणूस दिलदार. "भाऊ, बैल तुमचा. पण असं सोडनार न्हाई मी तुमाला. पुढच्या साली ह्याच यात्रंला परत लावू, माझ्याकडनं ह्या बैलाचा जोडीदार, तुमच्याकडनं हीच घोडी. काय म्हनता?"

यजमानांचा चेहरा उजळला होता, अंगावर भंडारा. हात आपोआप पुढे निघाला.

"पप्पा, हात खाली घ्या," मुलगी म्हणाली. ती अजून घोडीवरून उतरलीच नव्हती.

"आगं, जिकलो की आपन!"

"हरलो असतो तर ती एकदाच गेली असती. आता जिंकलो, म्हणजे तुम्ही तिला दर यात्रेला लावणार."

तिने घोडी वळवली आणि टेम्पोकडे न नेता सरळ रस्त्याने घराकडे काढली. मी तिच्या मागे चालायला लागले. "आगं, तू तरी थांब!" असं यजमान म्हणाले. मी थांबले नाही, आणि त्यांनी तो हात शेठच्या हातात दिला की नाही हे वळून पाहिलंही नाही.

त्याबद्दल घरात अजून कुणी विचारलेलं नाही. यंदाच्या यात्रा तोंडावर आल्या आहेत. गोठ्याला आता कुलूप असतं आणि किल्ली मुलीच्या गळ्यात. घोडीला पाणी पाजायचं झालं तरी यजमान दारात उभे राहून लेकीला हाक मारतात.