पिवळा रंग फिका झाला

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, परभणीच्या प्रयोगशाळेत, मी एका एन्झाइमच्या मागे हात धुऊन लागले होते. यकृतातलं हे एन्झाइम बीटेनकडचा मिथाइल गट उचलून होमोसिस्टीनला देतं आणि होमोसिस्टीनचं मेथिओनिन होतं. आपल्या शरीराला लागणारं एक अमिनो आम्ल. पुस्तकात सोपं वाटायचं, माझ्या नळीत मात्र काहीच घडत नव्हतं. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "तुझी कलेजी शिळी असते गं. बकरं कापल्याबरोबर बर्फात घालून आण."

पेडगावहून वडील मोटारसायकल घेऊन आले. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात अंड्यालाही हात न लावलेला माणूस. कसायाच्या दुकानासमोर मी म्हटलं, "अप्पा, तुमी लांब थांबा."

"आन् डबा कोण धरंल? मी तिकडं बघतच न्हाई."

ते रस्त्याकडे तोंड करून, बर्फाचा डबा पाठीमागे धरून उभे राहिले. कसाई हसत म्हणाला, "चाचा, झाकण तरी उघडा!" गरम कलेजी बर्फात पडली आणि अप्पांनी गाडी अशी पळवली, की मला ओढणी दातात धरावी लागली.

कलेजी वाटली, गाळली, शुद्ध केली. एका नळीत जिवंत एन्झाइम, दुसरीत उकळून मारलेलं; दोन्हीत सारखंच बीटेन आणि होमोसिस्टीन. शेवटी घालायचा रंग उरलेल्या होमोसिस्टीनला भेटला की पिवळा होतो. एन्झाइमनं काम केलं असेल, तर पिवळा फिकाच पडणार. मी दोन्ही नळ्यांत रंगाचे थेंब टाकले.

मारलेल्या एन्झाइमची नळी हळदीसारखी पिवळीजर्द झाली. जिवंत एन्झाइमची जेमतेम पिवळसर!

मी जिना धडाधडा उतरले. अप्पा बाहेर लिंबाखाली बसले होते. त्यांना हाताला धरून वर आणलं, नळ्या दाखवल्या, सगळं सांगितलं.

"म्हंजी ही फिकी हाय, ती काम करायलीय?"

"हो! लय काम करायलीय!"

"मग रडायलीस कामून?"

मला कळलंच नव्हतं. मॅडमनी नळ्या उजेडात धरल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "परत करून दाखव." दुपारी परत केलं, तेच आलं. तोवर अप्पांनी घरी फोन लावला होता. "अगं, पोरीचं जमलं," ते ओरडून सांगत होते, "काय जमलं ते तीच सांगंल, धर!" मी फोन घेतला आणि आईला बीटेनपासून सुरुवात केली.