हमीदाने निवडलेली सलुकी

माझ्या बायकोने आयुष्यात एकदाच परक्या पुरुषांसमोर आवाज चढवला.

एका कुत्रीसाठी.

हमीदा आज सकाळी गेली. फजरची नमाज पढली, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत ती नव्हती.

सकाळपासून रडणाऱ्यांचे फोन येतायत. मला मात्र ही गोष्ट सांगायचीय, कारण ती सांगताना आजही माझी छाती फुगते.

कुवेतमध्ये रुपया जाऊन नुकताच दिनार आला होता. मी बनेद अल-गारला अबू नासर यांच्याकडे ड्रायव्हर. हमीदा त्यांच्या घरच्या बायकांना स्वयंपाकात मदत करायची. आमचा सलीम तेव्हा पाळण्यात. थंडीत ते अख्खं घर वाळवंटात तंबू ठोकायचं, आज एगैलाचे मॉल आहेत त्याच्याही बरंच आत. मेंढ्या, बायकापोरं, आम्ही, आणि अबू नासर यांची तीन शिकारी सलुकी कुत्री.

लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट.

आम्ही कोकणी मुसलमान. कुत्र्याचं तोंड लागलं तर सात वेळा धुणारे, त्यातलं एकदा मातीने. आणि ही कुत्री तंबूत, गालिच्यावर! अबू नासर म्हणायचे, "हा कुत्रा नाही. हा सलुकी आहे."

विषय संपला.

फक्त त्यातली रीम नावाची कुत्री बाहेर झोपायची. तिची आई माजावर असताना गायब झाली होती. मेंढ्या राखणाऱ्या कुठल्यातरी गावठी कुत्र्याकडे गेली असणार, असा संशय. म्हणजे रीम अस्सल नाही.

अबू नासर उगाच बोलणारे नव्हते, हेही सांगतो. कमरेच्या दोन हाडांमध्ये चार बोटं बसतात का, पंजा सशासारखा लांबट आहे का, सगळं हात लावून बघायचे. रीम सगळ्यात पास. पण सशावर सोडली की बाकीचे दोघं सुसाट सुटायचे आणि ही बाई ढिम्म उभी.

"अंग आईचं, काळीज त्या राखणदाराचं," ते म्हणाले.

त्याच सुमाराला कोकरं मरायला लागली. रानमांजर होतं. आपल्या बोक्यासारखं नव्हे. गुडघ्याएवढं उंच, कानांच्या टोकांना काळे झुपके.

एका सकाळी अबू नासर माणसं घेऊन त्याच्या मागावर निघत होते. निघताना मला म्हणाले, "रीमला पिकअपमध्ये घाल आणि लांब सोडून ये."

वाळवंटात सोडून ये, म्हणजे काय ते मला कळत होतं. पण मालकाचा हुकूम. मी दोरी हातात घेतली.

तेवढ्यात बायकांच्या तंबूतून हमीदा धावत आली. हात पिठाचे.

"अवो, गाडी काढू नका."

"मालकांनी सांगितलंय."

"मग मालकांना सांगा, ही सशासाठी नायच हाय!"

हमीदाच्या वडिलांकडे गावी शेतात घुसणाऱ्या डुकरांच्या पारधीची कुत्री होती. त्यांच्यातच ती वाढलेली.

"ससा दिसला की त्याच्यामागे पळणारा कुत्रा बाबा घरीच ठेवायचे. काल मेलेल्या कोकराजवळ बघितलात काय? ते दोघं मांसाला तोंड लावत होते. हिने मांस हुंगलं पण नाय. मांजराच्या ठशावर उभी होती, पाठीचे केस ताठ करून."

मी म्हटलं, गप बस, नोकरी जाईल.

ती कसली गप बसते! डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि थेट अबू नासर यांच्यासमोर उभी राहिली. तिचं अरबी भाजीबाजारापुरतं.

"ला!" ती ओरडली. नाही!

सगळे पुरुष वळून बघायला लागले. पुढचं सगळं तिने कोकणीत सुनावलं आणि मी घाम पुसत अरबीत सांगत राहिलो. काही ठिकाणी जरा सौम्य करून.

अबू नासर यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग हमीदाला म्हणाले, "ठीक आहे. आज रीम पण येईल. आणि ती धावली नाही, तर तिला गाडीत तूच चढवायचं."

हमीदा पिकअपमध्ये माझ्या शेजारी बसली. ओठ सारखे पुटपुटत होते.

मांजर एका झुडपातून उठलं. तिन्ही कुत्री सुटली. रीमसुद्धा!

मध्येच एक ससा उठला. नावाजलेले दोघं वळले सशामागे.

रीम वळली नाही. मांजरामागे टेकाडापलीकडे गेली.

आम्ही गाडी थांबवून उतरलो. हमीदा डोळे मिटून, कान देऊन उभी राहिली. आपल्याकडे दाट रानात पारध कानानेच बघतात. कुत्र्याने भुंकून सांगायचं, जनावर इथं अडवलंय.

काही ऐकू येईना. ती रडायलाच लागली. "भुंकत नाय ओ. मेली ती. माझ्यामुळं मेली."

मी म्हटलं, अगं, सलुकी शिकारीत भुंकतच नाही! इथे मोकळं माळरान, इथली पारध डोळ्यांनी बघायची. मी तिला खांद्याला धरून टेकाडावर नेलं.

"डोळे उघड आणि बघ."

खाली रीमने मांजराला खडकाच्या कपारीशी कोंडलं होतं. मांजर फिस्कारत पंजे मारत होतं. रीमचा कान फाटलेला, मान रक्ताने भरलेली, पण पाऊल मागे नाही. अबू नासर पोचून गोळी घालेपर्यंत ती हलली नाही.

मग त्या ताठ म्हाताऱ्याने अंगावरचा झगा काढला, रीमला त्यात गुंडाळलं, स्वतः उचलून तंबूत आणलं आणि गालिच्यावर निजवलं.

हमीदाने तिला कडकडून मिठी मारली. मग बाहेर येऊन सात वेळा हात धुतले. मातीला तिथे काय तोटा!

वसंतात अबू नासर यांनी मला बोलावलं. "उम्म सलीमला विचार, रीमला कुठला नर द्यायचा." तिथे परक्या बाईचं नाव घेत नाहीत, मुलाच्या नावाने हाक मारतात, सलीमची आई.

हमीदाने नर निवडला. पिल्लं झाली. लोक लांबून मागायला यायचे. कुणाच्या वंशातली, असं विचारलं की अबू नासर सांगायचे, "उम्म सलीमच्या."

"तौबा! कुत्र्यांना माझं नाव?" हमीदा लाजून लाल. पण लपवून हसत होती, मी बघितलंय.

आज दुपारी अबू नासर यांच्या नातवाचा फोन आला. आधी दुवा केली. मग म्हणाला, "चाचा, घरी नवी पिल्लं आहेत. आम्ही अजून उम्म सलीमचीच म्हणतो."

जिला घराणं नाही म्हणून वाळूत सोडणार होते, तिचं घराणं माझ्या बायकोच्या नावाने चालू आहे.

हमीदा, अल्लाह तुझी मगफिरत करो, तुला जन्नत देवो. फार अभिमान वाटतो गं तुझा.