सुकट पोहते का? नाहूर ते मनोरी, एका अष्टमीला

कुत्र्याला पोहायला शिकवायला रजा टाकली म्हटल्यावर ऑफिसात सगळे हसले. हसू देत. तुमच्याही घरी पाणी बघून पळणारं पिल्लू असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

आमची सुकट आठ महिन्यांची. मासळीबाजाराबाहेर सापडली तेव्हा वाळलेल्या सुकटीएवढी होती, म्हणून हे नाव. सापडल्यापासून ती बाबांची. आई गेल्यानंतर घरात कुणाशीही फारसं न बोलणारे माझे बाबा तिच्याशी तासन्‌तास बोलतात, तेही मालवणीत.

बाबांना आता गावी जाऊन राहायचंय. शिमग्याला जायचं ते परत न येण्यासाठीच. घर खाडीपलीकडे आहे, होडीने जावं लागतं, आणि ओहोटीला होडी काठाला लागत नाही, शेवटचा टप्पा पाण्यातूनच. गणपतीला गेलो तेव्हा सुकटने होडीत असा थयथयाट केला की होडी उलटायचीच बाकी राहिली. होडीवाल्याने सांगून टाकलं, "ह्या कुत्र्याक मी परत होडयेत घेवचंय नाय." त्यावर बाबा म्हणाले, सुकट नाही तर मीही नाही.

म्हणजे ती पाण्याला सरावली तर बाबा जाणार, नाही तर इथेच मुंबईत, नाहूरला राहणार. मला काय हवं होतं? खरं सांगू, मला ते दोघंही घरातच हवे होते. पण कुत्रा मुळात पाण्यात शिरतो कसा, याचं कुतूहलही काही गप्प बसू देत नव्हतं.

रविवार सोडून अष्टमी बाबांनी निवडली. त्यांचा हिशोब सोपा: तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते. आठ पाऊणे सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. शिवाय अष्टमीला भांग असते, म्हणजे भरती लहान, पाण्याला जोर नसतो. पुनवेच्या उधाणात कुत्रं घेऊन जाऊ नका, हा सल्ला फुकट घ्या.

सकाळी लवकर गाडी काढली. कांजूरवरून जेव्हीएलआरचा जोडरस्ता, मग हायवे, मालाडला उतरून मार्वे. आठनंतर निघालात तर जेव्हीएलआरवर वाट लागेल, पवईपाशी तर गाडी हलतच नाही. मार्वेला गाडी लावली आणि मनोरीची फेरीबोट पकडली. तिकीट किरकोळ आहे. सुकटचं कुणी मागितलं नाही, पण तुम्ही आधी विचारून घ्या, आणि पट्टा आखूड धरा.

बोटीत बाइकवाले, पाव घेऊन चाललेला एक सायकलवाला आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या एक काकू होत्या. सुकट बाबांच्या दोन पायांत डोकं खुपसून थरथरत होती.

काकूंनी विचारलं, "चावते का गं ही?"

"नाही हो, पाण्याला घाबरते."

"मग बोटीत कशाला आणलीस तिला?"

बाबा म्हणाले, "म्हणूनच आणली!" आणि काकूंनी बाबांकडे असं बघितलं की मला हसू आवरेना. पाच-सात मिनिटांत पलीकडे पोचलो. तिथून किनाऱ्यापर्यंत रिक्षा मिळते, पण आम्ही माडांखालून चालत गेलो. मुंबईतच आहोत यावर विश्वास बसत नाही इतकं शांत होतं.

किनाऱ्यावर बाबांनी पिशवीतून तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन काढला.

"हे काय?"

"आमच्या बापाशीन आमका असाच शिकवल्यान. पाठीर डबो बांधायचो आणि बावडीत सोडायचा."

मी म्हटलं, बाबा, ती कुत्री आहे, आणि तिच्यासाठी बाजारात लाइफजॅकेट मिळतं. त्यांनी ऐकलं नाही. जुन्या परकराच्या नाडीने कॅन सुकटच्या पाठीवर बांधला. ती एक पाऊल चालली, कॅन वाजला. ती दचकून पळाली, कॅन आणखी वाजला. मग काय विचारता! आपल्याच पाठीवरच्या आवाजापासून जीव घेऊन पळणारं कुत्रं मी पहिल्यांदा पाहिलं. चादर अंथरून बसलेल्या एका जोडप्याच्या वेफर्सवरून ती गेली, मागून लुंगी सावरत बाबा, मागून सॉरी सॉरी करत मी. विहिरीत सोडलेल्या पोराला पळायला जागा नसते, एवढी एकच गोष्ट बाबा विसरले होते.

कॅन सोडला, पण त्यानंतर सुकट ओल्या वाळूवरसुद्धा पाय ठेवेना. बाबांचा चेहरा इतका पडला की मी मनातून सुखावले होते, याची मला लाज वाटली.

जेवायला गावातल्या एका घरगुती खाणावळीत गेलो. बोंबील झकास, भाकरी गरम. कुत्र्याला अंगणात बसू देतात, मागितलं तर साधा भात-मासाही देतात, काटे मात्र आपणच काढायचे.

जेवून परत आलो तेव्हा पाणी आत गेलं होतं. बाबा आत वाळूच्या एका उंचवट्यावर जाऊन टेकले, सुकट त्यांच्या शेजारी. वाटेत एक उथळ घळ होती, तेव्हा कोरडी. मी काठावर सावलीत पिशव्यांपाशी बसून ऑफिसचे मेल बघत राहिले, जे रजेच्या दिवशी कुणी करू नये.

मान वर केली तर घळ पाण्याने भरली होती. आणि अख्ख्या तिथीचा हिशोब मांडणारे माझे बाबा उंचवट्यावर चक्क घोरत होते.

"बाबा! उठा, पाणी आलं!"

ते उठले, लुंगी खोचली, चपला हातात घेतल्या आणि सरळ घळीतून चालत निघाले. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंतच होतं. पण सुकट उंचवट्यावरच राहिली. आधी कुईकुई करत होती, मग तोंड वर करून रडायला लागली.

मी धावले. घळीच्या मध्यापर्यंत गेले. मला बघून ती रडायची थांबली आणि शेपूट हलवत खाली बसली, उचलून घ्या म्हणून. चार पावलांवर होती. उचललं असतं तर संपलं असतं सगळं. ती कधीच पोहली नसती, बाबा कुठेच गेले नसते.

मी थांबले.

मी वळले आणि चालत काठाकडे आले. मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते काही जमलं नाही. सुकटने आधी एक पंजा घातला, काढला, पुन्हा घातला. मग तिच्या पायाखालची वाळू संपली. क्षणभर नुसतं नाक दिसलं. मग कान दिसले, मग अख्खं डोकं, आणि ते डोकं आमच्याच दिशेने येत होतं. पुढचे पाय फार जोरात मारत होती, पाणी उडत होतं, पण येत होती. मला ओलांडून ती थेट बाबांकडे गेली.

काठावर तिने अंग झाडलं, बाबांना एक प्रदक्षिणा घातली आणि आपणहून परत पाण्यात शिरली. मग चार-पाच वेळा तेच.

"मुद्दाम झोपलात ना?" मी विचारलं.

"नाय गो. बोंबील जास्त झाले," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

परतीच्या बोटीत सुकट कडेला तोंड लावून पाणी बघत बसली. तुम्ही गेलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा: गोड्या पाण्याचे कॅन बरोबर न्या, कारण खारं पाणी अंगावर वाळलं की खाज सुटते. आणि कुत्र्याला मार्वेच्या खाडीत चुकूनही सोडू नका, तिथे ओढ असते.

घरी पोचलो, तिला आंघोळ घातली. मी टॉवेल घेऊन तिचे कान आतून कोरडे करत बसले. बाहेर बाबा गावच्या चुलतकाकांना फोनवर सांगत होते, "माळो झाडून ठेव रे. आमी दोघां येतलंव."

आई गेल्यानंतर पहिल्यांदाच बाबा "आम्ही दोघं" म्हणाले. सुकटचे कान केव्हाच कोरडे झाले होते, तरी मी ते पुसतच राहिले.